अर्धा डबा, एक लेझर: प्रकल्प नोंदी

२२ डिसेंबर २०२४, रविवार. रामबाग, इंदूर

नात यंदा दहावीला. शाळेतून प्रकल्प मिळाला आहे: ‘पाण्यात प्रकाश किती वाकतो ते मोजा’. सोबत रोजच्या नोंदींची वहीही द्यायची आहे. तिची वही ती लिहील, ही माझी. एकतीस वर्षं कॉलेजच्या भौतिकीच्या प्रयोगशाळेत सामान काढून देणं, पुसून परत ठेवणं आणि मुलांनी फोडलं की हिशेबात लिहिणं हेच काम केलं, त्यामुळे हात गप्प बसत नाही.

शाळेत हा प्रयोग काचेच्या वडीवर टाचण्या टोचून करवतात. पाण्याला टाचणी टोचता येत नाही. म्हणून अर्धगोल भांडं लागतं. सपाट बाजूच्या बरोबर मध्यावर किरण आत सोडला, की तो वाकतो तो तिथेच. पुढे गोल भिंतीला तो त्रिज्येवरून, म्हणजे सरळ काटकोनात भिडतो आणि दुसऱ्यांदा न वाकता बाहेर पडतो. एकच वाकणं मोजायचं राहतं. युक्ती जुनी आहे.

असं भांडं बाजारात आहे, पण किंमत ऐकून सूनबाईंनी रसमलाईचा गोल पारदर्शक डबा पुढे केला. व्यास दहा सेंटिमीटर. आरीच्या पात्याने मधोमध कापला. सपाट तोंडाला तीन मिलिमीटर जाडीची ॲक्रिलिकची पट्टी ॲराल्डाइटने चिकटवली. लाल लेझर जेल रोडवरून आणला, किल्लीच्या साखळीचा, वर ६५० नॅनोमीटर असं छापलेलं. नातीला दोनदा बजावलं की हा डोळ्यांत घ्यायचा नाही, कुणाच्या डोळ्यांत मारायचा नाही, आणि आरशासमोर तर मुळीच नाही. खजुरी बाजारातून दोन डी, म्हणजे कोनमापक.

नात म्हणाली, “आबा, कॅटवाले हसतील आपल्याला.” इंदूरला १९८४ पासून लेझरवर काम करणारं सरकारी केंद्र आहे. गावातली माणसं त्याचं नाव बदललं तरी अजून त्याला कॅटच म्हणतात. म्हटलं, हसू देत. त्यांचीही सुरुवात डी आणि पट्टीपासूनच झाली असेल.

२४ डिसेंबर, मंगळवार

गळतो. कोपऱ्यात एम-सील भरलं. उद्या बघू.

२५ डिसेंबर, बुधवार

नाताळची सुट्टी. सकाळी पोहे-जिलेबी, मग दारं-पडदे बंद.

बसवणी अशी: पाटावर पांढरा कागद. एक डी डब्याच्या बुडाखाली, तिचा मध्य सपाट भिंतीच्या आतल्या कडेला. दुसरी डी पट्टीच्या बाहेरून, पाठीला पाठ लावून. पट्टीच्या बाहेरच्या अंगावर मध्यावर शाईचा ठिपका. लेझर बाहेरच्या डीच्या रेघेवर ठेवून ठिपक्यावर मारायचा आणि गोल भिंतीवर लाल खूण कुठे पडते ते आतल्या डीवर वाचायचं. पहिला आपाती कोन, दुसरा अपवर्ती. दोन्ही स्तंभिकेपासून, म्हणजे पट्टीला काटकोनात उभ्या असलेल्या रेघेपासून मोजायचे. नात शाळेत तिला अभिलंब म्हणते आणि माझ्या तोंडून स्तंभिका ऐकून हसते. पट्टीपासून कोन मोजायची चूक दर वर्षी निम्मी मुलं करायची. तिने केली नाही.

स्वच्छ पाण्यात किरण दिसतच नाही. दुधाचे दोन थेंब टाकले आणि डब्यात लाल तार ताणल्यासारखी उमटली. नात गप्प झाली. (तिसरा थेंब घालू नये. धुकं होतं आणि कडा विरते.)

लेझरची खूण मात्र तीन मिलिमीटर रुंद. या डब्यावर एक अंश म्हणजे नऊ दशांश मिलिमीटरही नाही, मग अर्धा अंश वाचणार कसा? दाढीचं पातं मोडून दोन तुकडे काळ्या कागदावर समोरासमोर चिकटवले, मध्ये केसाएवढी फट ठेवली. खूण मिलिमीटरभर झाली. फट आणखी आवळली की रेघ उलट पसरते, तोही प्रकाशाचाच स्वभाव. पण आज तो धडा नको.

वाचनं, नातीच्या अक्षरात:
२० अंशाला १५.५
३० ला २३
४० ला ३०.५
५० ला ३७
६० ला ४२.५

दोन्ही कोनांच्या साइनचा भागाकार करत गेलो: १.२८, १.२८, १.२७, १.२७, १.२८.

एका कोनाच्या साइनसमोर दुसऱ्याची साइन मांडून आलेख काढला, रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ. नात टाळी द्यायला हात पुढे करणार, तेवढ्यात तिने पुस्तक उघडलं. पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे हाच भागाकार, १.३३ यायला हवा.

२६ डिसेंबर, गुरुवार

शाळेतून आल्या आल्या संशय पाण्यावर. “नर्मदेचं पाणी जड असतं ना आबा, म्हणून असेल.” आपल्याकडे जलूदहून उपसून घाट चढवून आणलेलं पाणी येतं. चहाच्या पातेल्यात पांढरा थर धरतो, हे खरं. पण त्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ग्रॅमभरही नसतात. शंभर ग्रॅम द्रावणात दहा ग्रॅम मीठ घालावं तेव्हा अंक १.३३ वरून १.३५ वर जातो. लिटरमागच्या अर्ध्या ग्रॅमने चौथ्या-पाचव्या दशांशात काय ती हालचाल. आणि झालीच तर ती वर जाईल, आपला आकडा तर खाली आला आहे.

तरी तिच्या समाधानासाठी नळाचं, आरओचं आणि शेजारच्या बोअरिंगचं, तिन्ही पाणी भरून पाहिलं. तिन्हींना ३० अंशाला २३.

मग थंडीवर संशय. पाणी सोळा अंशांचं होतं. पाणी थंड असलं की अंक किंचित वाढतो, अंशामागे एक दशसहस्रांश. तेही उलट दिशेने, आणि नगण्य.

रात्री गराडू खाल्ले. डोक्यात २३ आकडा.

२८ डिसेंबर, शनिवार

आज नातीची वही चाळली. परवाची वाचनं खोडरबरने पुसलेली. २० ला १५, ३० ला २२, ४० ला २९, ५० ला ३५, ६० ला ४०.५. भागाकार सगळे १.३३च्या आसपास. उलटं गणित करून, उत्तरावरून वाचनं काढलेली.

रागावलो नाही. ही गोष्ट मी हजार वेळा पाहिली आहे.

कॉलेजात एका वर्षी काचेच्या वड्या नवीन आल्या. नेहमीच्या क्राउन काचेच्या संपल्या होत्या, म्हणून काही फ्लिंट काचेच्या घेतल्या होत्या. क्राउनचा अंक १.५२, या फ्लिंटचा १.६२. दिसायला दोन्ही सारख्या. मी मुद्दाम काही सांगितलं नाही. महिन्याच्या शेवटी जर्नलं तपासायला आली. फ्लिंटच्या वडीवर काम केलेल्या मुलांचीही उत्तरं १.५१, १.५२, १.५२. वरच्या वर्गाच्या मुलांची जर्नलं फिरत होतीच. आमच्या सरांनी एका मुलाला बोलावून दोन्ही हातांवर दोन वड्या ठेवल्या. “कोणती जड?” फ्लिंट क्राउनच्या जवळजवळ दीडपट भरते. मुलाचा उजवा हात खाली गेला आणि चेहराही. सर एवढंच म्हणाले, “तुझ्या हाताला कळलं, तुझ्या वहीला कळलं नाही.”

नातीला ही गोष्ट सांगितली तर म्हणाली, “पण आबा, उत्तर तर चुकलंच आहे ना आपलं. चुकलेलं उत्तर कसं देऊ?”

मग माझी जुनी वही काढली. त्यात सरांनीच एकदा फळ्यावर लिहिलेला तक्ता उतरवून घेतला होता. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात टॉलेमी या खगोलशास्त्रज्ञाने हाच प्रयोग केला होता, हवेतून पाण्यात. त्याची वाचनं:

१० ला ८
२० ला १५.५
३० ला २२.५
४० ला २९
५० ला ३५
६० ला ४०.५
७० ला ४५.५
८० ला ५०

“याला तर जमलंय!” नात म्हणाली. म्हटलं, एकातून एक वजा करत जा.

ती मांडी घालून वजाबाक्या करू लागली. आठ. साडेसात. सात. साडेसहा. सहा. इथे पेन्सिल थांबली. साडेपाच. पाच. साडेचार.

“आबा, हे तर पायऱ्या आहेत. प्रत्येक वेळी बरोबर अर्धा अंश कमी!”

खऱ्या वाचनांत अशा पायऱ्या येत नाहीत. कधी थोडं इकडे, कधी तिकडे. टॉलेमीला साइनचा नियम, म्हणजे दोन साइनचा भागाकार प्रत्येक कोनाला सारखाच येतो हे, माहीत नव्हता. तो इब्न सह्ल या गणितज्ञाने बगदादमध्ये ९८४ मध्ये लिहिला आणि युरोपात स्नेल या डच गणितज्ञाला १६२१ मध्ये सापडला. टॉलेमीने काही कोन मोजले असणार, चांगलेच मोजले असणार, आणि मग मनातल्या नियमाला धरून बाकीचे बसवले असणार. चाळीस, पन्नास, साठला तो इतका अचूक आहे की आपल्या डीलाही त्याहून जास्त जमणार नाही. पण पायऱ्या पुढे नेत नेत तो ८० अंशाला ५० वर पोचला. तिथे खरं उत्तर साडेसत्तेचाळीसच्या जरासं वर आहे. अडीच अंशांचा घोळ.

नात बराच वेळ ५० कडे बघत बसली. मग तिने स्वतःच पान फाडलं. ते फाडायलाही नको होतं, पण असो.

२९ डिसेंबर, रविवार

सापडलं. आणि शरम वाटली ती माझी मला.

पहाटे जाग आली तेव्हा डोक्यात एकच प्रश्न: रिकाम्या डब्याचं वाचन घेतलं का? एकतीस वर्षं मुलांना सांगत आलो की स्क्रूगेजमध्ये तार घालण्याआधी शून्य बघा, तराजूवर काही ठेवण्याआधी काटा बघा. आणि स्वतःच्या घरी, स्वतःच्या नातीबरोबर, थेट पाणी ओतलं.

दूधवाला येण्याआधीच डबा पुसून पाटावर बसवला. पाणी नाही. हवेतून हवेत. किरणाने वाकूच नये. ३० ला ३० यायला हवं.

३१ आलं.

६० ला ६१.

डब्यात काही नसताना एक अंश! नातीला उठवलं. डोळे चोळत आली, खूण बघितली आणि पूर्ण जागी झाली. “म्हणजे चूक पाण्याच्या आधीच होती?”

आता कारण. किरण पट्टीच्या बाहेरच्या अंगावर, शाईच्या ठिपक्यावर शिरतो. पट्टी तीन मिलिमीटर जाड. ती तिरकी पार करताना किरण बाजूला सरकतो. ३० अंशाला एक मिलिमीटर, ६० ला दोन मिलिमीटरहून थोडा जास्त. कोन पट्टी बदलत नाही, दोन्ही अंगं समांतर असल्याने पाण्यातला कोन तोच राहतो. पण किरण आत निघतो तो मध्यावरून नाही, मध्याच्या बाजूने. आणि आतली डी मध्य समजते आतल्या अंगावर. दोन डींचे मध्य एकमेकांपासून तीन मिलिमीटर लांब, हाच तो घोळ. पाच सेंटिमीटर त्रिज्येवर एक मिलिमीटर सरकलं की एक अंशाहून जास्त फरक.

नातीने कागदावर आकृती काढून ३० अंशासाठी हिशेब केला. ॲक्रिलिकचा अंक १.४९ धरला. पाण्यात खरं २२ यायला हवं, सरकल्यामुळे २३च्या जरा वर दिसेल. आपण वाचलं होतं २३.

पाचही वाचनं बघितली. प्रत्येक जागी चूक कोनाबरोबर वाढत गेली, त्यामुळे सगळे भागाकार सारखेच खाली ओढले गेले आणि रेघ सरळच राहिली. या सरळ रेघेने आम्हाला चार दिवस फसवलं. वाचनं वाकडीतिकडी आली असती तर पहिल्याच दिवशी संशय आला असता.

नातीने मग विचारलं, फाडलेलं पान आता कसं परत आणू? चिकटपट्टीने जोडलं. जुनी वाचनं माझ्या वहीत होती, ती तिने पुन्हा उतरवली, पुसलेल्यांच्या शेजारी.

१ जानेवारी २०२५, बुधवार

सगळे सराफ्यात रात्री फिरून आल्याने उशिरा उठले. मी दुरुस्ती केली.

नुसती खालची डी तीन मिलिमीटर सरकवून भागलं असतं, असं आधी वाटलं. पाण्यासाठी बरंचसं भागतंही, कारण ॲक्रिलिक आणि पाणी यांच्या अंकांत फरक कमी. पण मग रिकाम्या डब्याचं वाचन साठला अठ्ठावन्नच्या आसपास येतं. रिकामा डबा ज्यात नापास होतो ती बसवणी मला चालणार नाही.

पट्टीच जाड नको. कॉलेजमधून निवृत्त होताना घरी आलेल्या ओएचपीच्या, म्हणजे पडद्यावर मजकूर पाडणाऱ्या जुन्या प्रोजेक्टरच्या पारदर्शक शीट कपाटात पिवळ्या न पडता तशाच होत्या. जाडी एक दशांश मिलिमीटर. ॲक्रिलिकच्या पट्टीत मधोमध दीड सेंटिमीटर रुंद खिडकी कापली, बाहेरून शीटचा तुकडा ताणून चिकटवला. मोठा तुकडा लावला तर पाण्याच्या भाराने फुगतो, म्हणून खिडकी लहान. आता दोन्ही डींचे मध्य शीटवर, एकाच ठिकाणी.

रिकामा डबा: ३० ला ३०. ६० ला ६०. सूनबाईंना बोलावून दाखवलं. त्या म्हणाल्या, “बाबा, काहीच तर झालं नाही.” तेच तर दाखवायचं होतं.

५ जानेवारी, रविवार

प्रत्येक कोनाला तीनदा वाचन, लेझर उचलून परत ठेवून. नातीने वाचलं, मी लिहिलं, मग उलट. एकमेकांचं न बघता. मधली वाचनं:

१० ला ७.५
२० ला १५
३० ला २२
४० ला २९
५० ला ३५.५
६० ला ४०.५

भागाकार १.३२ ते १.३४ मध्ये हिंडतात. आलेखाच्या रेघेचा उतार १.३३. पन्नासचा ठिपका रेघेवर बसत नाही. नात त्याच्याकडे दोनदा बघून गेली, तीनदा वाचून पाहिलं, ३५.५च. तो तसाच ठेवला. साठला मात्र आपण आणि टॉलेमी एकच. तिने समासात लिहिलं: ‘टॉलेमीशी जुळलं (हे वाचन त्याचं खरं असावं)’.

दुपारी उलटा प्रयोग. लेझर गोल बाजूने मध्याकडे, पाण्यातून हवेत. कोन वाढवत नेला तशी बाहेर पडणारी रेघ शीटच्या अंगाशी झुकत गेली, फिकी होत गेली आणि साडेअठ्ठेचाळीसच्या सुमाराला दिसेनाशी झाली. सगळा प्रकाश आतच परतला. यावरून अंक येतो १.३३५. शेवटच्या अर्ध्या अंशात नात श्वास रोखून होती.

८ जानेवारी, बुधवार

शाळेला एवढं पुरे होतं. हे फक्त आमच्या हौसेखातर.

दोनशे ग्रॅम साखर, दोनशे ग्रॅम पाणी. ढवळून निवेपर्यंत थांबावं लागतं, नाहीतर पाकात तापलेल्या रस्त्यावर दिसतात तशा लाटा दिसतात आणि किरण थरथरतो. ६० ला ३७.५, म्हणजे अंक १.४२. निम्मी साखर असलेल्या पाकाचा अंक तेवढाच असतो. साखर कारखान्यात रसातली साखर याच तत्त्वावर मोजतात, थेंबभर रस घेऊन. नातीचा पुढचा प्रश्न: जिलेबीवाल्याला तार बघून कळतं, त्याला हे यंत्र दिलं तर? म्हटलं, तो आपल्याला हाकलून देईल.

मग फरसाणाच्या लांबट डब्यात तळाला साखरेचा थर पसरला, वरून हळूच पाणी सोडलं आणि न ढवळता रात्रभर ठेवलं. सकाळी लेझर आडवा मारला. किरण सरळ गेला नाही. कोपरा न होता, हळूहळू खाली झुकत, धनुष्यासारखा. खाली साखर दाट, अंक जास्त, प्रकाश तिकडे वळतो. मे महिन्यात खंडवा रोडवर मृगजळ दिसतं ते याच्या उलट. तिथे तापलेली हवा खाली, विरळ, आणि किरण वरच्या बाजूला वळतो. नातीने मोबाइलवर फोटो काढले. दहापैकी नऊ हलले.

संध्याकाळपर्यंत पाटाला मुंग्या. सूनबाईंचं मत: विज्ञान गॅलरीत करा.

११ जानेवारी, शनिवार

वही दिली. नातीने तक्त्याची पहिली ओळ रिकाम्या डब्याची ठेवली: ३० ला ३१, ६० ला ६१, खाली पट्टीची आकृती. दुसरा तक्ता १.२८ चा, तिसरा १.३३ चा. जोडलेलं पानही तसंच आहे, पिवळी चिकटपट्टी दिसते आहे.

शाळेत मॅडमनी विचारलं, चुकीचा तक्ता का लावलास? तिने काय उत्तर दिलं ते घरी आल्यावर विचारलं. “काही नाही. लेझर होता ना सोबत, रिकामा डबा करून दाखवला.”

पाट धुऊन ठेवला. लेझरचे सेल उतरले आहेत. उरलेल्या ओएचपी शीट परत कपाटात.